गणिताचा अभ्यासक्रम आणि भाषेची जागा

गणिताची पदवी घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने आपली चार वर्षे कशी आखावीत, हा प्रश्न भारतीय भाषांच्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. या आखणीतील काही भाग आता भाषाविभागांच्या स्वाधीन झालेला आहे आणि तो भाग आपण जवळजवळ रिकामा ठेवला आहे, हे त्याचे उत्तर. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने चार वर्षांच्या पदवीचा आराखडा प्रसिद्ध केला. पुढे २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून कलकत्ता विद्यापीठातही चार वर्षांचा ऑनर्स अभ्यासक्रम सुरू झाला. आयोगाच्या आराखड्यात चार वर्षांसाठी १६० श्रेयांक धरलेले आहेत. त्यांपैकी ८० मुख्य विषयाचे, ३२ दुय्यम विषयाचे, ९ अन्य विद्याशाखांतील अभ्यासाचे, ८ भाषेचे, ९ कौशल्याचे, ६ ते ८ सर्वांना समान अशा मूल्यवर्धक विषयांचे आणि उरलेले प्रत्यक्ष कामाचे व संशोधनाचे. निरनिराळ्या विद्यापीठांनी या आकड्यांत थोडेफार फेरफार केले असले, तरी मूळ चौकट हीच आहे.

या चौकटीत गणिताच्या ८० श्रेयांकांना स्वतःचा असा क्रम आहे. गणिताबाहेरच्या श्रेयांकांना तो नाही. विद्यार्थी आपली अर्धी पदवी विचारपूर्वक रचतो आणि बाकीची अर्धी जे हाती लागेल त्याने भरतो. त्यातही सर्वांत अधिक उपेक्षा होते ती भाषेच्या आठ श्रेयांकांची. गणिताच्या विद्यार्थ्याला ज्याची गरज पहिल्याच सत्रात भासते ते नेमके याच आठ श्रेयांकांतून देता येण्यासारखे आहे, म्हणून ही उपेक्षा खेदजनक म्हटली पाहिजे. तिचा दोष गणिताच्या प्राध्यापकांवर ढकलून भाषांच्या अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही.

प्रथम गणिताच्या स्वतःच्या क्रमाविषयी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मराठ्यांच्या राज्यकारभाराआधी फ्रेंच राज्यक्रांती अभ्यासली, तर त्यात फारसे बिघडत नाही. साहित्याचा विद्यार्थी केशवसुतांकडून मुक्तेश्वरांकडे मागे जाऊ शकतो आणि त्या उलट्या प्रवासात त्याला काही नवेही गवसते. गणितात अशी मुभा नाही. कलनशास्त्र नीट झाल्याशिवाय अवकल समीकरणांना हात घालता येत नाही. रेषीय बीजगणित कच्चे राहिले, तर अनेक चलांचे कलन ही केवळ सूत्रांची घोकंपट्टी होते. वास्तव संख्यांच्या गुणधर्मांचा पाया नसेल, तर संस्थितिविज्ञान आणि माप सिद्धांत यांच्या व्याख्या पाठ होतात, पण त्या कोणत्या अडचणीतून जन्मल्या हे कळत नाही. येथे एका सत्रात राहिलेली फट पुढच्या सत्रात आपोआप बुजत नाही. ती प्रत्येक मजल्यावर पुन्हा उघडते.

या स्वभावामुळे गणिताच्या आखणीचा पहिला नियम ठरतो. विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षापासून मागे मोजत यावे. चौथ्या वर्षी माप सिद्धांत किंवा फलनक विश्लेषण शिकायचे असेल, तर तिसऱ्या वर्षी संमिश्र चलांचे फलनशास्त्र आणि अमूर्त बीजगणिताचा पुढचा भाग आटोपला पाहिजे. त्यासाठी दुसऱ्या वर्षी रेषीय बीजगणित, गट सिद्धांत आणि वास्तव विश्लेषण पुरते पचले पाहिजे. आणि त्यासाठी पहिल्या वर्षी सिद्धता म्हणजे काय हे उमगले पाहिजे. यांतील बरीचशी व्यवस्था विद्यापीठाने लावून दिलेली असते. संभाव्यता, संख्या सिद्धांत, तर्कशास्त्र अशा ज्या विषयांत निवडीला वाव असतो, तेथे मात्र विद्यार्थ्याची परीक्षा होते. संभाव्यता सोपी वाटते म्हणून ती आधी घ्यावी आणि रेषीय बीजगणित रूक्ष म्हणून पुढे ढकलावे, असा हिशेब करणाऱ्याला तिसऱ्या वर्षी दोन्हींची उजळणी करावी लागते.

आता गणिताबाहेरच्या भागाकडे वळू. येथे विद्यार्थी कसा निवड करतो, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या दिवसांत पाहता येईल. कोणत्या विषयात गुण सहज मिळतात, कोणता तास सकाळी लवकर नाही, महाविद्यालयात कोणता शिक्षक उपलब्ध आहे, या तीन प्रश्नांवर निवड होते. तिसऱ्या प्रश्नाबद्दल विद्यार्थ्याला बोल लावता येणार नाही. परंतु दुय्यम विषयाचे ३२ श्रेयांक म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा होय. तो भौतिकशास्त्राला दिला, तर अवकल समीकरणे कशासाठी हे समजते. संख्याशास्त्राला दिला, तर संभाव्यतेला भूमी मिळते. अर्थशास्त्राला दिला, तर महत्तम-लघुतम काढण्याच्या रीतींना विषय मिळतो. यांतील कोणताही एक मार्ग चांगला. मात्र तो आरंभापासून शेवटपर्यंत एकच असावा. चार वर्षांत चार ठिकाणी पाणी शोधणाऱ्याची एकही विहीर पुरी होत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका लेखता येणार नाही. जुन्या ऑनर्स अभ्यासक्रमात विद्यार्थी गणितात बुडून जात असे. नव्या व्यवस्थेत त्याचे लक्ष दहा ठिकाणी विभागले जाईल आणि खोली नाहीशी होईल, असे अनेक अध्यापकांना वाटते. हे भय खरे आहे. पण खोलीचे वैर विस्ताराशी आहे की विस्कळीतपणाशी, याचा निर्णय आधी केला पाहिजे. त्यासाठी मराठी वाचकाला परिचित असे एक उदाहरण आहे, आणि त्याचा धागा कोलकात्यापर्यंत पोहोचतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ चा, गोव्यातला. १९१८ मध्ये ते वडिलांबरोबर अमेरिकेस गेले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. तेथे जॉर्ज बर्कहॉफ या मोठ्या गणितज्ञाने त्यांना गणितावरच लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी तो न मानता नाना विषयांचे अभ्यासक्रम घेतले व त्यांत उत्तम यश मिळवले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. जर्मन, फ्रेंच, इटालियन या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. बर्कहॉफ यांचा सल्ला चुकीचा होता असे म्हणवत नाही. गणितज्ञ घडवण्याचा तो सरळ मार्ग होता. परंतु पुढील चाळीस वर्षांत कोसंबींनी जे केले, ते त्या न मानलेल्या सल्ल्याखेरीज घडले नसते. त्यांनी भूमितीत संशोधन केले. जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे सूत्र १९४४ पासून आनुवंशिकीत त्यांच्या नावाने ओळखले जाते. प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांवर त्यांनी संख्याशास्त्र चालवले. आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध करताना शेकडो हस्तलिखितांची कुळे लावली. पाठांतरे पारखण्याच्या त्या कामात गणितज्ञाचे शिस्तबद्ध मन आणि भाषाभ्यासकाचा कान एकत्र नांदतात. त्यांचा विस्तार विस्कळीत नव्हता, कारण त्याच्या मध्यभागी गणित पक्के रोवलेले होते.

एका असामान्य माणसावरून नियम काढू नये, असे कोणी म्हटल्यास त्यासाठी संस्थेचेही उदाहरण देता येते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. १९५९ च्या कायद्याने तिला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९६० मध्ये तेथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ पासून काही वर्षे या संस्थेत होते. संख्याशास्त्र ज्या ज्ञानशाखांच्या उपयोगी पडणार, त्या शाखांची ओळख विद्यार्थ्याला पदवीच्या काळातच व्हावी, अशी त्या आरंभीच्या अभ्यासक्रमामागील दृष्टी होती. म्हणून गणिताबरोबर निसर्गविज्ञाने आणि सामाजिक शास्त्रे यांनाही त्यात स्थान मिळाले. तेथे इतर विषय आले ते संख्याशास्त्राच्या गरजेतून, मोकळी जागा भरण्यासाठी नव्हे. नव्या चौकटीत नेमका हा हेतू हरवतो.

कोसंबींचा धागा कोलकात्यापर्यंत पोहोचतो, तो त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांच्यामुळे. पालीच्या ओढीने घर सोडून सिंहल व ब्रह्मदेश पाहून आलेल्या या गोमंतकीय पंडिताने १९०६-०७ च्या सुमारास कोलकात्यातील राष्ट्रीय महाविद्यालयात आणि कलकत्ता विद्यापीठात पालीचे अध्यापन केले. त्या वेळी विद्यापीठाच्या कुलगुरुपदी आशुतोष मुखर्जी होते, आणि आशुतोष मुखर्जी मुळात गणितज्ञ होते.

या योगायोगाचा अर्थ भाषांच्या अभ्यासकांनी जरा थांबून पाहण्याजोगा आहे. आशुतोषांनी १८८५ मध्ये गणितात एम. ए. केले. तरुण वयातच त्यांचे गणितविषयक निबंध प्रसिद्ध झाले. व्यवसायाने ते पुढे वकील व न्यायाधीश झाले, तरी १९०८ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. याच गृहस्थांनी १८९१ मध्ये, म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विद्यापीठाच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान द्यावे असा ठराव मांडला होता. तो तेव्हा फेटाळला गेला. १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ या काळात ते कुलगुरू होते. आणि अखेरीस १९१९ मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने भारतीय भाषांचा एम. ए. अभ्यासक्रम कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. आधुनिक भारतीय भाषांच्या उच्च अभ्यासाचा आपल्या देशातील आरंभ बहुधा येथूनच मोजला जातो.

त्या अभ्यासक्रमाची रचना पाहण्यासारखी होती. विद्यार्थ्याने एक प्रमुख भाषा घ्यायची. तिच्या जोडीला दुसरी एक भारतीय भाषा घ्यायची. आणि या दोहोंच्या खाली आधार म्हणून पाली, प्राकृत, फारसी अशा मूलभाषांचा परिचय करून घ्यायचा. आपल्या भाषेपुरते पाहणारा पंडित अशी योजना करता ना. कोणते ज्ञान कोणत्या ज्ञानावर उभे राहते, कोणती बाजू दुसऱ्या बाजूला तोलून धरते, याचा तीत विचार आहे. गणिताच्या सवयीचे मन भाषेच्या अभ्यासक्रमाकडे वळले म्हणजे काय घडते, त्याचा हा नमुना मानण्यास हरकत नसावी. गणिताने भाषाविभागांना एका काळी असे काही दिलेले आहे. आता भाषाविभागांनी गणिताच्या अभ्यासक्रमाला काय द्यावे, हा आजचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर विद्यार्थ्याच्या अडचणीतून शोधले पाहिजे. कोलकात्याच्या महाविद्यालयांत जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारे पुष्कळ विद्यार्थी बारावीपर्यंत बांगला माध्यमातून शिकलेले असतात. पुण्याच्या, संभाजीनगरच्या किंवा नागपूरच्या महाविद्यालयांत मराठी शाळांतून येणाऱ्यांची स्थिती याहून वेगळी नाही. शाळेत गणित म्हणजे उदाहरणे सोडवणे. पदवीच्या पहिल्या सत्रात गणित म्हणजे वाक्ये समजून घेणे, असा पालट एकाएकी होतो. आणि ती वाक्ये परक्या भाषेत, परक्या वळणाची असतात. विद्यार्थी अडखळतो तेव्हा त्याला गणित येत नाही असा निष्कर्ष काढला जातो. तोही तो मान्य करतो, आणि पुष्कळदा येथेच त्याची वाट खुंटते.

एक साधे उदाहरण घेऊ. “प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे” आणि “अशी एक किल्ली आहे, जी प्रत्येक कुलपाला लागते” ही दोन विधाने भिन्न आहेत, हे मराठी बोलणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. पहिल्या घरात किल्ल्यांचा जुडगा असेल. दुसऱ्या घरात एकच किल्ली पुरेल. गणितात फलनाचे सांतत्य आणि एकविध सांतत्य यांतील भेद असाच आहे. पहिल्यात प्रत्येक बिंदूसाठी वेगळे अंतर निवडता येते. दुसऱ्यात सर्व बिंदूंना मिळून एकच अंतर पुरले पाहिजे. चिन्हांत लिहिले की या दोन व्याख्यांत फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल दिसते आणि विद्यार्थी गोंधळतो. स्वतःच्या भाषेत हाच भेद त्याला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. त्या ठाऊक असलेल्या गोष्टीपासून न कळलेल्या गोष्टीपर्यंत नेणारा रस्ता कोणी बांधलेला नाही, ही उणीव आहे.

आपल्या भाषा या कामी दुबळ्या नाहीत. ‘जो-तो’, ‘जर-तर’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जितका-तितका’ अशी जोडशब्दांची रचना मराठीत आहे. बांगलात तिचे सख्खे भावंड आहे. गृहीत कोठे संपते आणि निष्कर्ष कोठे सुरू होतो, हे ही रचना स्पष्ट दाखवते. सिद्धतेच्या वाक्याला याहून सोयीचा सांगाडा क्वचितच मिळेल. तो वापरण्याचा सराव मात्र कोठेही दिला जात नाही. भाषेच्या तासाला पत्रलेखन, सारांश, निबंध आणि काही वेचे होतात. अनेक ठिकाणी परीक्षा म्हणजे पर्यायांपुढील खुणा. गणिताचा विद्यार्थी तो पेपर गुण गोळा करून विसरून जातो, आणि त्याला दोष देणे कठीण आहे.

हे काम नवे नाही आणि कोलकात्याला तर मुळीच नवे नाही. कलकत्ता विद्यापीठाने १९३० च्या दशकात बांगला वैज्ञानिक परिभाषेसाठी जी समिती नेमली, तिच्याशी राजशेखर बसू यांच्यासारख्या रसायनज्ञ-साहित्यिकाचे नाव जोडलेले आहे. रवींद्रनाथांनी १९३७ मध्ये ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले आणि ते सत्येंद्रनाथ बसूंना अर्पण केले. सत्येंद्रनाथांनी १९४८ मध्ये वंगीय विज्ञान परिषद स्थापून ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे मासिक सुरू केले. मराठीत केरो लक्ष्मण छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात गणिताची पुस्तके लिहिली, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथ १८९६ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला. त्याही मागे जायचे तर चाळीसगावजवळील पाटणचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, त्याची ती तेराव्या शतकाच्या आरंभीची नोंद; आणि तिच्या अखेरचा दानविषयक भाग मराठीत कोरलेला आहे. गणिताच्या अध्यापनाची व्यवस्था मराठीत नोंदवली गेली, त्याला आता आठ शतके झाली.

मग या आठ श्रेयांकांत, आणि अन्य विद्याशाखांसाठी राखलेल्या नऊ श्रेयांकांपैकी काहींत, भाषाविभागांनी गणिताच्या विद्यार्थ्यापुढे काय ठेवावे? तीन गोष्टी सुचवता येतील.

पहिली, सिद्धतालेखन. पहिल्या सत्रात विद्यार्थी वर्गात जी प्रमेये शिकतो, त्यांतील सोप्या सिद्धता त्याने मातृभाषेत सलग वाक्यांत लिहाव्यात आणि मग त्याच इंग्रजीत मांडाव्यात. तपासणी दोन शिक्षकांनी करावी. गणिताच्या शिक्षकाने तर्क पाहावा, भाषेच्या शिक्षकाने वाक्य. जेथे वाक्य मोडते तेथे बहुधा तर्कही मोडलेला सापडतो, हे दोघांनाही दिसून येईल. उलट भाषांतरात जो शब्द अडतो, तेथेच संकल्पना अपुरी कळलेली असते.

दुसरी, परिभाषेचा तौलनिक अभ्यास. मराठी ज्या संख्येला मूळ संख्या म्हणते, तिला बांगला मौलिक संख्या म्हणते आणि हिंदी अभाज्य. दोन भाषांनी ती संख्या इतर संख्यांचे बीज आहे हे पाहिले. तिसरीने तिला भागता येत नाही हे पाहिले. एकाच वस्तूच्या या दोन बाजू आहेत आणि संख्या सिद्धांतात दोन्हींचे काम पडते. मराठीत ज्या संख्या परिमेय, त्या बांगलात मूलद होत; एका नावात मोजण्याची कल्पना आहे, दुसऱ्यात मुळाची. समाकलन हा शब्द दोन्ही भाषांत चालतो, पण त्याची जोडी मराठीत अवकलन आणि बांगलात अंतरकलन अशी होते. एकीत तुकडे पाडण्यावर भर, दुसरीत अंतरावर. अशा पन्नास शब्दांची तुलना केलेल्या विद्यार्थ्याला व्याख्या हा मनुष्याने केलेला निर्णय आहे, हे कळते. गणितात ही जाण उशिरा येते, आणि काहींना येतच नाही.

तिसरी, छंद आणि गणना. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, असे धरले तर चार मात्रांच्या लघु-गुरूंच्या रचना पाच होतात, पाच मात्रांच्या आठ, सहा मात्रांच्या तेरा. प्रत्येक रचनेच्या शेवटी लघू असणार किंवा गुरू, म्हणून कोणतीही संख्या मागील दोन संख्यांची बेरीज असते. हा विचार आपल्या छंदःशास्त्रात विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने मांडला. युरोपात त्या संख्यांना ज्याचे नाव लाभले त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही गायत्रीच्या प्रस्ताराचे उदाहरण येते; सहा अक्षरांच्या चरणाचे ६४ प्रकार आणि चोवीस अक्षरांचे १,६७,७७,२१६. मराठीत माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’सारखा ग्रंथ उपलब्ध आहे, आणि बांगला छंदांवर प्रबोधचंद्र सेनांनी आयुष्यभर काम केले. आठ मात्रांच्या आवर्तनात चौतीस रचना शक्य असताना मराठी कवीने त्यांतील कोणत्या वापरल्या आणि बांगला कवीने कोणत्या टाळल्या, हा प्रश्न गणिताच्या विद्यार्थ्याला मोजणी शिकवील आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला निवड. एकाच वर्गात दोघांना बसवता येईल.

या सूचनांना दोन उत्तरे मिळण्याचा संभव आहे. उच्च गणिताची भाषा इंग्रजी आहे, तेव्हा मातृभाषेतील सराव व्यर्थ, हे पहिले. उच्च गणितासाठी इंग्रजी लागते यात वाद नाही, आणि वर सुचवलेल्या सरावात ती वगळलेलीही नाही. परंतु विद्यार्थ्याला समजलेली गोष्ट परभाषेत नेणे आणि न समजलेली गोष्ट परभाषेत पाठ करणे यांत महदंतर आहे. सत्येंद्रनाथांनी उच्च पातळीवरही विज्ञान मातृभाषेत शिकवता येते याचा पुरस्कार केला, तो इंग्रजीच्या अज्ञानातून नव्हे. दुसरे उत्तर शिक्षकांच्या अभावाचे. दोन विभागांच्या शिक्षकांनी मिळून एक पेपर शिकवण्याची सोय आपल्या महाविद्यालयांत नाही. वेळापत्रक आणि कामाचे तास तिला आड येतात. ही अडचण पहिलीपेक्षा खरी आहे आणि ती लेख लिहून सुटणार नाही. तरीही आठांपैकी दोन श्रेयांकांपुरता प्रयोग एखाद्या विद्यापीठाने करून पाहिला, तर त्यासाठी नवे पद लागत नाही; दोन अध्यापकांची इच्छा आणि अभ्यासमंडळाची संमती पुरते.

अशा आखणीत गणिताच्या विद्यार्थ्याची चार वर्षे साधारण अशी दिसतील. पहिल्या वर्षी कलन, बीजगणिताचा आरंभ आणि सिद्धता. त्यांच्या सोबत, मागाहून नव्हे, मातृभाषेतील व इंग्रजीतील सिद्धतालेखन. दुसऱ्या वर्षी रेषीय बीजगणित, वास्तव विश्लेषण आणि गट सिद्धांत. सोबत एकच ठरवलेला दुय्यम विषय आणि परिभाषेचा अभ्यास. तिसऱ्या वर्षी संभाव्यता, संमिश्र चले, अवकल समीकरणे. छंद आणि गणना हा विषय अन्य विद्याशाखांच्या श्रेयांकांत ज्या सत्रात बसेल त्या सत्रात घ्यावा. चौथ्या वर्षी आवडीचा प्रगत विषय आणि प्रबंध. त्या प्रबंधाचा दहा पानांचा गोषवारा विद्यार्थ्याने आपल्या भाषेत लिहावा आणि तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवला जावा. अशा गोषवाऱ्यांची एक फळी दहा वर्षांत भरली, तर पुढच्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात हाती घ्यायला काहीतरी राहील.

अभ्यासक्रमांची फेरतपासणी निरनिराळ्या विद्यापीठांत येत्या काही वर्षांत होणारच आहे. त्या वेळी गणिताची अभ्यासमंडळे आपल्या ८० श्रेयांकांवर बारकाईने चर्चा करतील. भाषेच्या आठ श्रेयांकांवर चर्चा करण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकांची आहे, आणि ती त्यांनी गणिताच्या सहकाऱ्यांना सोबत बसवून पार पाडावी. एका गणितज्ञाने १८९१ मध्ये भाषांसाठी मांडलेला ठराव फेटाळला गेला होता, आणि तो फळास यायला अठ्ठावीस वर्षे लागली. भाषांच्या अभ्यासकांनी गणितासाठी मांडायचा ठराव अजून मांडला गेलेला नाही.